पुणतांब्याचं लेथ

लेथ घ्यायचं ठरलं ते बुशमुळे. कोल्हारला आमच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे, तिथं मी पाण्यातल्या मोटारी भरते, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळते. नवरा शेती बघतो, मोटारी मी बघते. एकोणीस वर्षं झाली. वाइंडिंग जळालं तर ते माझ्या हातातलं काम. पण प्रवरेच्या वाळूनं मोटारीतले बुश, म्हणजे मधला दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या, झिजतात, त्या दांड्याला, शाफ्टला, खाचा पडतात, आणि ते काम लेथचं. त्यासाठी श्रीरामपूरला जावं लागायचं. तिथला टर्नर एकेक काम चार-चार दिवस ठेवून घ्यायचा. तोवर इकडे कुणाचा तरी गुरांसाठी लावलेला घास सुकायला लागायचा, आणि तो माणूस माझ्या दारात येऊन बोलायचा, टर्नरच्या नाही.

दुसरं कारण माझा मोठा भाऊ. नगरच्या एमआयडीसीत तो एकतीस वर्षं टर्नर होता. आठ महिन्यांपासून घरी बसला होता. कंपनीनं माणसं कमी केली, असं त्यानं सांगितलं होतं. एक दिवस वहिनीचा फोन आला.

“ताई, तुमच्या भावाला काहीतरी काम द्या. भाजीत मीठ किती, फोडणी किती, सगळ्यात नाक खुपसतात. आता कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागलेत.”

मी दादाला विचारलं, लेथ घेतलं तर चालवशील का. तो म्हणाला, “तू नुसतं मशीन उभं कर.” चोपन्न वर्षांच्या टर्नरला दुसरी कंपनी घेणार नव्हती. माझ्या शेडमधलं मशीन हेच त्याचं पुढचं काम, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

पहिलं मशीन घेणारा माणूस मोठंच बघतो. दादाला सहा फुटी हवं होतं. मी शेड मोजली. दार, टेस्टिंगची टाकी आणि मोटारी ठेवायची जागा सोडली तर साडेचार फुटीच बसत होतं. माझ्याकडे येणारा सगळ्यात लांब शाफ्ट त्यावर आरामात फिरला असता. दादा म्हणाला, “उद्या मोठं काम आलं तर?” मी म्हटलं, उद्याचं उद्या. थ्री फेज घरी होतीच. नवीन मशीन परवडत नव्हतं, म्हणून जुनं बघायचं ठरलं, आणि जुनं पारखायला घरचा टर्नर होता.

नगरला एका जुन्या मशीनवाल्याच्या गाळ्यात गेलो. सात-आठ लेथ ओळीनं उभी, सगळ्यांना एकच ताजा हिरवा रंग. मालकानं माझ्याकडे बघून दादाला विचारलं, “बाईंच्या घरी ठेवायचंय? लेथ हाय बरं का, फ्रीज न्हाई.”

“फ्रीज आहे माझ्याकडं,” मी म्हटलं. “आत बुश बसत नाहीत.”

दादा कामाला लागला. त्याला तसं बघून मला बरं वाटलं, हे कबूल करते. त्यानं चक, म्हणजे काम पकडून फिरवणारा जबडा, हातानं फिरवून कान लावला. चकमध्ये लोखंडी बार धरून वर उचलून बघितला, बेअरिंग ढिलं आहे का ते कळायला. मग बेडवर आला. बेड म्हणजे लेथची पाठ, तिच्यावरून हत्यार पुढं-मागं सरकतं. मशीन किती वापरलं गेलंय ते तिथं कळतं. सगळं बारीक काम चकजवळच होतं, त्यामुळे तिथला बेड आधी झिजतो आणि न झिजलेल्या भागाशी एक बारीक पायरी तयार होते. हे दादानंच मला येताना एसटीत समजावलं होतं. ती पायरी डोळ्याला दिसत नाही. अंगठा फिरवायचा.

त्यानं अंगठा फिरवला. “आरसा हाय,” म्हणाला.

मीही नख फिरवलं. तांब्याच्या तारेवरचा मुलामा कुठं खरवडलाय का, हे मी रोज नखानंच बघते, त्यामुळे ती सवयच आहे. चकपासून वीतभर अंतरावर नख अडकलं. चांगलं अडकलं.

“दादा, इथं लागतंय.”

“कुठं?”

मी त्याचा अंगठा धरून नेमका तिथं ठेवला. त्यानं दोनदा पुढं-मागं केला. “काय न्हाई. रंगाचा थर असंल.”

बेडला कुणी रंग देत नाही. मालक मोबाईलमध्ये बघायला लागला. मी त्याला म्हटलं, सॅडल, म्हणजे बेडवरून हत्यार घेऊन सरकणारा भाग, चकजवळ नेऊन जरा आवळा, आणि मग टोकापर्यंत सरकवा. हीसुद्धा दादानंच सांगितलेली परीक्षा. सॅडल निम्म्यात गेलं आणि घट्ट बसलं. झिजलेल्या जागी ढिलं, न झिजलेल्या जागी घट्ट.

“ताई, जुनं मशीन म्हटल्यावर थोडं घासलेलं असणारच की,” मालक म्हणाला. “आपण तरी कुठं कोरे राहिलो?”

दादा त्याच्यावर भडकला. फसवतोस का, रंग मारून खपवतोस का, एकतीस वर्षं घातलीत मी मशीनवर. एवढं भडकण्यासारखं काही नव्हतं. परत येताना तो म्हणाला, उन्हाची तिरीप डोळ्यावर येत होती. अंगठ्याला उन्हाचं काय, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी मनात चष्म्याचा नंबर वाढला असेल असं धरलं आणि दुसऱ्या मशीनची चौकशी सुरू केली.

दुसरं पुणतांब्याला मिळालं. एका म्हाताऱ्या कारागिराचं वर्कशॉप होतं. त्याची मुलं पुण्याला, पुढं कुणी चालवणार नव्हतं. मशीन राजकोटचं, साडेचार फुटी, रंग उडालेला, पण बेडवर तेलात भिजवलेलं गोणपाट पांघरलेलं. मी गोणपाट काढून सगळ्यात आधी नख फिरवलं. कुठं अडकलं नाही. दादानंही अंगठा फिरवला, पण माझं झाल्यावर, आणि माझ्या तोंडाकडे बघत.

म्हाताऱ्यानं मशीन चालू करून एका बारवर काप घेऊन दाखवला. आवाज एकसारखा होता. कापताना सुटलेली लोखंडाची सालं निळी होऊन ट्रेमध्ये पडत होती. टर्नर लोक सालीचा रंग बघून काप कसा आहे ते सांगतात. दादानं ट्रेमधून एक जाड साल उचलली, दोन बोटांत धरली आणि मला समजावायला लागला.

“हे बघ तायडे, निळी आली म्हंजी काप भारी हाय. स्पीड जरा कमी केला तर...”

“आवो पावणं, टाका की ती!” म्हातारा ओरडला.

दादा बोलतच होता. मला कातडी जळाल्याचा वास आला. मी त्याच्या मनगटावर फटका मारून साल खाली पाडली. बोटांची पुढची कातडी पांढरी पडली होती. तो बोटांकडे बघत राहिला. हात झटकला नाही, तोंडातून आवाजही काढला नाही.

म्हाताऱ्यानं तांब्याभर पाणी आणलं आणि दादाचा हात त्यात घातला. “शुगर हाय का?” त्यानं सरळ विचारलं.

“थोडी हाय,” दादा म्हणाला.

“थोडी न्हाई. माझ्या भावाची अशीच हुती.” आणि तो मशीन बंद करून आम्हाला बोलायला जागा द्यावी तसा घरात निघून गेला.

मी विचारलं, “कधीपासून?”

“दोन वर्षं झाली असतील. आधी पाय बधिर झाले. पायाचं काय, मशीनवर पाय लागत न्हाई.”

मग सगळं सांगितलं. कंपनीनं माणसं कमी केली नव्हती, एकच कमी केला होता. मायक्रोमीटर जॉबला, म्हणजे कापलेल्या तुकड्याला, किती हलका टेकला की माप खरं, हे बोटाला कळतं. त्याला ते कळेनासं झालं. काही महिने शेजारच्या मशीनवरच्या माणसाकडून मापं तपासून घेतली. तो माणूस बदलून गेला. मग एक सबंध लॉट चुकला, आणि साहेबांनी सांगितलं, तुम्ही स्वतःहून राजीनामा द्या म्हणजे अब्रू राहील.

“वहिनीला?”

“शुगरचं म्हाईत हाय. ह्ये न्हाई. तू बी सांगायचं न्हाई.” मग म्हणाला, “मशीन चांगलं हाय. घे. मी डोळ्यानं काम करीन. डोळे शाबूत हायेत.”

मी थोडा वेळ विचार केला. फार नाही. फिरत्या चकजवळ हात घालणाऱ्या माणसाला आपला हात कुठं लागतोय हे कळलंच पाहिजे. एवढं मलाही कळत होतं, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त.

“मशीन घेते,” मी म्हटलं. “पण तू चालवायचं नाहीस.”

“मग मी कशाला येऊ? चहा प्यायला?”

“शिकवायला.”

“कुनाला?”

“मला.”

तो हसला. वाईट हसला. “सेहेचाळीसाव्या वर्षी? लेथ म्हंजी काय पुरणपोळी हाय व्हय?”

“पुरणपोळी मला येत नाही. लेथ येईल.”

मशीन टेम्पोतून आणलं, काँक्रीटचा चौथरा घालून त्यावर बसवलं. दादा रोज सकाळी पहिल्या गाडीनं यायचा. मी त्याच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मशीनपासून चार हातांवर ठेवली होती. हत्यार कसं लावायचं, कुठला गिअर कशाला, चकची चावी एक क्षणही चकमध्ये विसरायची नाही, हे सगळं त्यानं नीट शिकवलं. तोंडानं सांगता येण्यासारखं जे होतं ते तीन आठवड्यांत संपलं. पुढचं सांगता येत नव्हतं.

“हलकं लागलं पायजे,” तो म्हणायचा.

“किती हलकं?”

“हलकं म्हंजी... असं.” तो उठून हात पुढं करायचा, दोन बोटं एकमेकांवर घासायचा आणि परत बसायचा. त्याला ते मला दाखवायचं होतं आणि त्याच्याकडेच ते उरलं नव्हतं. माझे पहिले सतरा बुश भंगारात गेले. तो प्रत्येक बुश हातात घेऊन चष्म्याजवळ धरायचा आणि म्हणायचा, “सैल हाय.” एकदा मी चिडून म्हटलं, तुला कसं कळतं सैल आहे? त्यानं बुश खाली ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दोन महिन्यांनी एका दुपारी मला एका विहिरीवर मोटार सोडायला जावं लागलं. नवरा शेतात होता. परत आले तर मशीनचा आवाज रस्त्यावरूनच ऐकू आला. आत गेले. दादानं नुकतंच मशीन बंद केलं होतं. बुश झाला होता आणि शाफ्टलाही पॉलिश मारून झालं होतं. त्यानं बुश माझ्यापुढं धरला.

“बघ. झाला का न्हाई? बसवून बघ.”

बुशवर रक्त होतं. शाफ्टवर, हत्यार धरणाऱ्या टूल पोस्टवर, त्याच्या शर्टावर होतं. फिरत्या शाफ्टला पॉलिश पेपर हातानं धरताना तर्जनीचं टोक पेपरबरोबर आत ओढलं गेलं होतं. नखाखालचं मांस उघडं पडलं होतं. त्याला पत्ता नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीची वाट बघत.

“दादा, हात बघ.”

त्यानं बघितलं. मग लगेच हात पाठीमागं नेला.

मी फडकं बांधलं. मुख्य स्विचचे फ्यूज काढून पदराला बांधले. दवाखान्यात जाताना रिक्षात त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बुश मापात आहे का, एवढंच त्यानं विचारलं. मी मोजला नव्हता. संध्याकाळी मोजला. अचूक होता. मी तो रॉकेलनं पुसला आणि मोटारीत बसवला, कारण ती मोटार शेतकऱ्याला सकाळी द्यायची होती.

जखम भरली नाही. नगरला दाखवलं, ड्रेसिंग झालं, परत पिकली. सव्वा महिन्यानं तर्जनी दुसऱ्या पेरापासून काढली. दवाखान्याच्या जिन्यात वहिनी मला म्हणाली, “बरा होता घरी बसलेला. तुमच्या मशीनपायी गेलं बोट. तुम्हाला स्वस्तात माणूस पाहिजे होता.” तिला कंपनीतलं ठाऊक नव्हतं, साल उचलल्याचं ठाऊक नव्हतं, मी मनाई केल्याचंही नाही. दादा वर वॉर्डात होता. त्यानं सांगू नको म्हटलं होतं, आणि सांगून त्याच्याकडे जे काही उरलं होतं तेही गेलं असतं. मी म्हटलं, हो, चूक झाली. तेव्हापासून वहिनी माझा फोन उचलत नाही.

दादा आता एका सोसायटीच्या गेटवर बसतो. येणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हातानं वहीत लिहितो. लेथ मी चालवते. श्रीरामपूरला जावं लागत नाही. माझे दहातले आठ बुश बसतात.

मधून मधून त्याचा फोन येतो. तब्येतीचं विचारलं तर बरंय म्हणतो आणि मशीनवर येतो.

“तेल घालतीस का रोज?”

“घालते.”

“पॉलिश पेपर हातानं धरत न्हाईस ना?”

“नाही. लाकडी पट्टीला लावून धरते.”

“आन् आता काय काम लावलंय?”

मी सांगते. किती व्यासाचा शाफ्ट, कुठल्या गावची मोटार, काप किती दिला. तो ऐकून घेतो. मग गेटवर गाडी येते, हॉर्न वाजतो, आणि तो फोन ठेवतो.