जंगल कुठून सुरू होते

आमच्या इवायाइतका हेकट माणूस अख्ख्या सातपुड्याच्या पायथ्याला दुसरा सापडायचा नाही. मला सोडून बोलतो आहे. इवाई म्हणजे माझ्या पोरीचा सासरा; मीही त्यांचा इवाईच. मी भातकुलीकडच्या सपाट काळ्या मातीचा माणूस. त्यांचं गाव मोर्शीकडे, डोंगराच्या अंगाला. संत्र्याचे बगीचे संपले की लगेच चढ. पोर दिली तेव्हा घर पाहिलं, विहिरीचं पाणी पाहिलं, पोरगा पाहिला. सासऱ्याला डोंगराचं वेड आहे हे कोणी सांगितलं नाही.

तो डोंगर त्यांनी नात्यागोत्यात वाटून टाकलेला. पायथ्याची बोरी-घाणेरीची झुडपं म्हणजे भाऊबंद : "जवळ गेलं का टोचतेत, आन् सोडतबी नाहीत." सागाचं रान म्हणजे लग्नातले मानपानवाले. पानं मोठी, खडखडाट मोठा, आणि उन्हाळ्यात सावली मागायला जावं तर यांच्याच अंगावर कपडा नाही. नाल्याकाठची जांभळं न् अर्जुन म्हणजे मावश्या, कधीही जा, ओलावा आहेच. आणि वरच्या खडकाळ उतारावरची सालई, ती मात्र माय. तिची साल कागदासारखी सुटते, चिकाला धुपाचा वास येतो. पहिली सालई आली की इवाई पायातले जोडे काढून हातात घेत. म्हणत, "अथून जंगल सुरू होते."

"मंग खालचं काय हाये?" मी विचारायचो.

"खालचं झुडूप हाये. झुडपाले कोनी जंगल म्हनते काय?"

यावरून आमचं जे वाजलं ते वाजतच राहिलं. माझं म्हणणं, जिथे ससा, तितर, रानडुक्कर राहते ते जंगल. तुमच्या सालईखाली काय राहते? धूप! दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन जायचो आणि निकाल लावायला दोघंही डोंगर चढायचो. वाटेत हे झुडपाला नावं ठेवत आणि त्याच झुडपाच्या बोरांनी खिसा भरत. "बोरं कोनाची हायेत, इवाई?" म्हटलं की म्हणत, "खा मुकाट्यानं." विहीणबाई तर एकदा वाढता वाढता म्हणाल्या, "तुमी दोघं तथीच राहून जा ना वरतं, माह्या पोळ्या तरी वाचतीन."

यंदा जावयाने ठरवलं, बाबांचे गुडघे गेले, आता त्यांना आपल्याजवळ अकोल्याला ठेवायचं. जायच्या आधी इवाई मला म्हणाले, "एक बार सालईपावतर जाऊन येऊ." निघालो. बोरी लागल्या, काटेरी हिवर लागला, आणि घाणेरीच्या गचपणात त्यांचा गुडघा बसला. दगडावर टेकले. सालई वर दिसत होती. बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, मग खाली वाकले आणि तिथेच जोडे काढू लागले.

"हे काय करून राहिले तुमी?"

"तुमचंच खरं, इवाई. हेबी जंगलच हाये. जितले तुमी."

एवढ्या वर्षांनी हा माणूस हरला होता. मी नाचायला पाहिजे होतं. पण मी खाली बसलो, काढलेला जोडा पुन्हा त्यांच्या पायात चढवला आणि दटावलं, "काटे हायेत. झुडपात कोनी जोडे काढते काय? जंगल वरतं हाये, सालईपाशी. पाय बरा झाला का जाऊ. तवर निकाल नाही."

"लय हेकट हाये तुमी," इवाई म्हणाले, आणि खिशातली बोरं माझ्या हातावर ठेवली.

परवा अकोल्याला जाऊन आलो. त्यांच्या गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगीचं वाळवणच तेवढं दिसते. घरातल्या सगळ्यांचे जोडे दाराबाहेर. यांचे ते डोंगराचे जोडे पलंगाखाली, हात घातला की लागतील असे. तळाची माती झटकू देत नाहीत, असं पोर सांगत होती. इवाई भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मी खुर्ची ओढली. "मी तं आजबी घाणेरीलेच जंगल म्हनतो," म्हणालो.

ताडकन उठून बसले. "काहून? त्या दिशी तं तुमीच वरतं हाये म्हनलं!"

मग दिवेलागणीपर्यंत आम्ही भांडलो. निकाल लागू दिला नाही.