आईचे कडक लाडू

मंडळी, आज संक्रांत. गाडी आई चालवत होती. शिंदे की छावनीत एक स्कूटरवाला आडवा घुसला आणि वर आमच्यावरच ओरडला, "दिखता नहीं क्या?"

बाबा तावातावाने उतरायला निघाले. आईने शेजारच्या डब्यातला तिळाचा लाडू त्यांच्या तोंडात कोंबला, दुसरा खिडकीतून त्याच्यापुढे धरला. "भैया, पहले मुँह मीठा करो, फिर लड़ना."

यंदा तिचा पाक जास्त शिजला होता, लाडू नुसते दगड! दोघंही चावत राहिले, भांडणार कसे?

त्याचा लाडू संपला तेव्हा तो हसत होता. "आंटी, एक और?"

आई शांतपणे निघाली. थाटीपुर आलं तरी बाबा चावतच होते.

सकाळी आम्ही त्याच लाडवांना नावं ठेवत होतो. आता डबा गाडीतच राहणार. तुमच्या गाडीत रागावर काय औषध असतं?