बुधवारचा पाय

काय काम करता असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, लोकांचे पाय धुते. लोक हसतात. जळगावच्या एका छोट्या संस्थेकडून मी हत्तीपायाच्या रुग्णांकडे फिरते. एका हातात प्लॅस्टिकचा टब, दुसऱ्या हातात साबण, टॉवेल आणि मलमाची पिशवी. एसटीचे कंडक्टर मला भांडीवाली समजतात.

हत्तीपाय डासामुळे होतो. डास चावतो, बारीक जंत अंगात शिरतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप राहतात. गोळ्यांनी जंत मरतात, पण खांबासारखा सुजलेला पाय काही पहिल्यासारखा होत नाही. मग तो रोज साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्यांतून कोरडा करायचा, भेगांना मलम लावायचं. हयगय केली की भेगांतून घाण आत जाते, थंडी वाजून ताप भरतो आणि प्रत्येक तापाबरोबर पाय आणखी जाड होतो.

अक्का एरंडोलच्या अलीकडच्या एका गावात राहायच्या. सत्तरीच्या. डावा पाय गुडघ्याखाली सुजलेला. त्यांची खाट बाहेर ओट्यावर, पत्र्याखाली. मुलगा आणि सून दिवसभर कपाशीत. अक्कांना एकाच गोष्टीची धास्ती होती. "खाटवर बठ्ठं करानी येळ नको यवाले व माय," म्हणायच्या. सगळं खाटेवरच उरकायची पाळी नको, परसाकडेला तरी आपल्या पायांनी जाता यावं, एवढंच मागणं.

मी बुधवारी जायचे. पहिल्यांदा त्यांचा पाय मांडीवर घेतला तेव्हा त्या ओरडल्याच, "हात नको लावू, पाप लागी माले!" मग कोमट पाणी पडलं आणि त्यांनी डोळे मिटले. त्या पायाला घरातलं कुणी शिवत नव्हतं. ताटवाटीसुद्धा वेगळी. शिवल्याने हा रोग होत नाही, हे मी घसा सुकेपर्यंत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ताट वेगळंच राहिलं.

पाय धुताना अक्का बोलत राहायच्या. माहेर धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरकडचं, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला चिंचेला बांधलेला झोका, तिथून पडून फुटलेलं कोपर. मी धुळ्याची, हे कळल्यावर म्हणाल्या, "मंग तू मना माहेरनीच शे." मला बरं वाटलं. नवरा गेल्यावर मी जळगावात एका खोलीत येऊन राहिले होते. मुलगी बंगळुरूला. रविवारी तिचा फोन येतो, पण 'जेवलीस का'च्या पुढे आमची गाडी जात नाही. आठवड्यातून माझ्याशी चार वाक्यं सलग बोलणारं माणूस म्हणजे अक्का. बुधवारची मी वाट बघायचे.

पावसाळा सरत आला तेव्हा एका बुधवारी गेले तर अक्का गोधडीत कुडकुडत होत्या. पाय लालभडक, तव्यासारखा तापलेला. कापूस वेचायचा सोडून घरी आलेल्या सुनेला घेऊन मी त्यांना रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि मलाच विचारलं, "पाय रोज धुतात ना?"

परत आल्यावर मी खाटेखालचा टब ओढला. आत कोळिष्टक. मी दिलेल्या साबणावरची अक्षरंही झिजली नव्हती. मी सुनेवर भडकले. ती बिचारी अक्कांकडे बोट दाखवत म्हणाली, "मी कितीदाव सांगं. बुधवारले बाई येस, ती धुई, अशी म्हनस."

गोधडीतून अक्कांचा आवाज आला, "तूच सांगं ना, पाय धुवानं शिकनात की मनं काम सरनं."

हो, पाय धुवायला शिकलात की माझं काम संपलं, असं मीच सांगितलं होतं. हुरूप यावा म्हणून प्रत्येकाला सांगते. बाकीच्यांना ती आनंदाची बातमी वाटते. अक्कांनी मात्र मी येत राहावं म्हणून पाय सडू दिला. मला संताप आला. आणि खरं सांगायचं तर त्या संतापाच्या तळाशी आनंदही झाला. आपण येत राहावं म्हणून कुणी इतकं करतंय, हे माझ्या वाट्याला फार दिवसांत आलं नव्हतं.

पण अजून असे दोन-चार ताप आले असते तर अक्का खाटेलाच खिळल्या असत्या. पुढच्या बुधवारी मी टबात पाणी ओतलं आणि समोर हाताची घडी घालून बसले. "धुवा," म्हटलं. त्यांनी तोंड फिरवलं. पाणी गार झालं. मी ते अंगणात ओतलं आणि निघाले. त्यांनी हाक मारली नाही. बसमध्ये मला स्वतःचाच राग येत होता. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी पाय टबात घातला आणि अस्सल खान्देशी शिव्या देत देत धुतला. मी शिव्या ऐकत बसले. हळूहळू साबण झिजून पातळ झाला. ताप पुन्हा आला नाही. अक्का काठी टेकत परसाकडे जाऊ लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेने मला पिंपळनेरकडचे पाडे दिले. पाय धुवायला शिकलेल्या रुग्णांकडे जायचं नाही, न शिकलेले पुष्कळ पडलेत. बरोबरच आहे. अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पायसाठे येजो नको. बठाले येजो." मी 'येईन बसायला' म्हटलं, आपण म्हणतो तसं.

पिंपळनेरची खोली जळगावच्या खोलीपेक्षाही मुकी निघाली. दिवसभर अनोळखी पाय, संध्याकाळी कुलूप. दिवाळीला मुलीला सुट्टी मिळाली नाही. भाऊबीज झाल्यावर मी साक्री, धुळे, पारोळा करत, बसवर बस बदलत अक्कांकडे गेले. काही काम नसताना कुणाच्या दारात उभं राहायची सवय मोडली होती. हातात टब नाही, पिशवी नाही. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. सुनेला काय सांगायचं, कशासाठी आले म्हणून?

अक्का खाटेवर होत्या. पाय कोरडा, स्वच्छ, मलमाने चकाकत होता. त्यांनी मला पाहिलं. दोन्ही हातांनी तो जड पाय उचलला, कण्हत कण्हत कडेला सरकवला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर थाप मारली.

"बठ."

मी बसले. मला रडू आलं, आणि ते लपवायला हातात काहीच काम नव्हतं.