दोन बोटं जागा

पडेगावच्या रोडला ज्याच्या गाडीचा दिवा एकदा फुटलाय त्याला कारभारी कोण ते सांगावं लागत नाय. दौलताबादकडं जाताना डाव्या हाताला त्याचं पत्र्याचं शेड. गेट, खिडक्या, टाकीचे स्टँड, येईल ते वेल्डिंगचं काम करायचा. पण नाव झालं ते मोटारसायकलच्या हेडलाईटला बसवायच्या जाळीनं. अन् त्याच्या तोंडानं. तोंड असं व्हतं की नवं गिऱ्हाईक आलं की भागूबाई आधीच पाण्याचा तांब्या पुढं करायची. पाणी पिऊन माणूस जरा थंड राहतो, शिव्या पचतात.

भागूबाई त्याची बायको. वीस-बावीस वर्षं त्याच शेडात, पोत्यावर बसून पक्कडीनं तार वाकवायची. जोडायचं काम त्याचं, वाकवायचं अन् रंग मारायचं हिचं.

त्या रोडनं दिवसभर खडीचे डंपर जातात. वर ताडपत्री असती नावाला. सांडलेली खडी टायरखाली आली की गोफणीतून सुटल्यावानी मागं येती, अन् मागं मोटारसायकल असली की सरळ दिव्यावर बसती. आधी दिव्याची नुसती काच बदलून भागायचं. आताच्या गाड्यांचं तसं नाय. शोरूमवाला म्हणतो अख्खं तोंडच बदला. तवा माणूस शुद्धीवर येतो अन् कारभारीचं शेड विचारत येतो.

येतो तो बी सरळ येत नाय. आधी आपली अक्कल चालवून येतो. एक जण दिव्याला पन्नी चिटकवून आलता. कारभारीनं नखानं ती पन्नी उचलून बघितली.

"हे काय हाय?"

"काका, प्रोटेक्शन फिल्म. ऑनलाईन मागवली."

"मोबाईलला लावायची पन्नी दिव्याला लावलीस. मंग आता मोबाईलला जाळी लावून देऊ का?"

दुसरा एक जण पारदर्शक प्लास्टिकचा डबा बसवून आला. तो डबा दोन उन्हाळ्यात पिवळा पडलेला. कारभारी त्याला म्हणला, "तुझ्या गाडीला कावीळ झालीय, माझ्याकडं कशाला आणलीस, झाडपाल्यावाल्याकडं ने." पोरगं हसलं. कारभारी हसला नाय. तो हसायला बोलतच नसायचा.

ही जाळी त्यानं काय कुठल्या कॉलेजात शिकली नाय. त्याचं गाव पाचोड. बाप पुंजाराम बैलाची मुसकी विणायचा. मुसकं म्हंजी मळणीला नायतर कोळपणीला बैलानं पीक खाऊ नये म्हून तोंडाला बांधायची दोरीची जाळी. बाजारच्या दिवशी कारभारी बापाशेजारी बसून मुसकी विकायचा. बापानं त्याला एकच गोष्ट शिकवली. मुसकं बैलाच्या नाकाला टेकलं नाय पायजे. मधी दोन बोटं जागा पायजे. नाक टेकलं की बैल घुसमटतो, डोकं झाडतो, मुसकं बी तोडतो अन् मालकाला बी मारतो.

तीच गोष्ट त्यानं गाडीला लावली. जाळीला चार पाय ठेवायचे, काचेपासून दोन बोटं पुढं. दगड आला की जाळी जरा दबती, पण काचेला पोचत नाय. बोराएवढा खडा अडकंल अशी घरं ठेवायची. तार काळ्या रंगाची, कामून की चकचकीत तार उजेड परत आपल्याच डोळ्यात फेकती. एका बाजूला बिजागरी, म्हंजी उघडून चिखल पुसता येतो. बसवून झालं की कारभारी जाळीत अन् काचेत दोन बोटं घालून बघायचा. बोटं त्याची मुळ्यासारखी जाड. ती सैल गेली की म्हणायचा, "जा."

कोणी म्हणलं, काका, बारका खडा आत गेला तर? तर म्हणायचा, "बारक्यानं ओरखडा पडतो. ओरखड्याला रडणाऱ्यानं गाडी घेऊच नये, पाळणा घ्यावा."

समोरचा पंक्चरवाला मामू त्याला चिडवायचा. "कारभारी, बैलां तो सब चले गए, तुम अभी तक मुसके बांधते बैठे."

"बैलं गेली नाय मामू," कारभारी म्हणायचा. "गाडीवर बसून फिरायलीत."

आता या बैलांमधला एक त्याच्या घरचाच निघाला.

कारभारीचा धाकटा भाऊ सोमनाथ. शिकला, कंपनीत लागला, पुंडलिकनगरात फ्लॅट घेतला. शिकवलं कोणी ते तो सांगत नाय, अन् कारभारीनं बी कधी सांगितलं नाय. सोमनाथला पाचोडचा असल्याची लाज वाटायची. गाव विचारलं की म्हणायचा "पैठण साईड". बायको मंजुषा त्याच्यावर वरचढ, ती "संभाजीनगर प्रॉपर" म्हणायची. भागूबाईच्या चुलीवरचा चहा ती दोन घोट घेऊन ठेवून द्यायची अन् म्हणायची, ॲसिडिटी होते. घरी जाऊन तीन कप प्यायची ते सगळ्यांना माहीत व्हतं.

सोमनाथनं नवीन मोठी गाडी घेतली. कंपनीनं त्याला पडेगावच्या बाजूच्या गोडाऊनला टाकलं, म्हंजी रोज डंपरच्या मागं. दोन महिन्यात दिवा फुटला. मंग आला शेडात. दादा, जाळी बसवून दे. पण जरा स्टायलिश कर.

"ष्टाईल आतल्या बाजूनं हाय," कारभारी म्हणला. अन् दिवसभर दुसऱ्याचं काम बाजूला ठेवून त्यानं भावाची जाळी केली. तशी जाळी त्यानं कोणाला करून दिली नाय. भागूबाईनं रंगाचे तीन हात मारले. कारभारीनं दोन बोटं घातली, म्हणला, "जा."

सोमनाथ गेला. पण घरी गेल्यावर मंजुषा म्हणली, गाडीला मुसकं बांधल्यावानी दिसतंय. त्याचे कंपनीतले दोस्त बी हसले. मंग या शहाण्यानं काय केलं, आपल्या एरियातल्या एका गॅरेजात जाऊन जाळीचे चारी पाय कापून घेतले अन् जाळी काचेला चिटकवून बसवली. आता कशी फिट दिसती म्हणला. पंधरा दिवस फिट दिसली. सोळाव्या दिवशी खडी आली, तार आत दबली अन् तारेनंच काच फोडली.

हे कोणाला सांगितलं का? नाय. पाचोडला भावकीत साखरपुडा व्हता. पंगत बसली. सोमनाथ पानावर बसून मोठ्यानं म्हणला, "आमच्या दादाच्या जाळीचं काय सांगू, दगडानं दिवा फुटायचा तो फुटायचा, आमचा जाळीनंच फुटला." पंगत हसली. कारभारी त्याच पंगतीत चार पानं सोडून बसलेला. हातातला घास त्यानं खाली ठेवला नाय, खाल्ला. पानावरचं सगळं संपवलं. अन्नाचा राग करणारा माणूस नव्हता तो.

बाहेर येऊन तो सोमनाथच्या गाडीपाशी गेला. फुटका दिवा तसाच, वर जाळी. त्यानं चार ठिकाणी बोट फिरवून बघितलं. ग्राइंडरनं कापलेल्या खुणा, त्याच्यावर घाईत मारलेला रंग.

"पाय कोणी कापले?"

सोमनाथ म्हणला, "दादा, ते जरा... लूक बरा दिसत नव्हता."

"मुसकी विणणाऱ्याच्या पोटी जन्मून मुसकं नाकाला चिटकवतोस?"

"हळू बोल ना, लोक हायेत."

"पंगतीत मोठ्यानं बोललास. पंगतीतच परत घे. मी तुझ्याकडं दुसरं काय मागत नाय."

"घेतो ना दादा. पुढच्या कार्यक्रमाला घेतो."

पुढचा कार्यक्रम आला, सोमनाथ उशिरा आला अन् पंगत उठल्यावर जेवला. त्याच्या पुढच्याला आलाच नाय, म्हणला कंपनीत ऑडिट हाय. इकडं पाचोडची चार-पाच पोरं जाळी सांगून गेलती, ती फिरकली नायत. ते कारभारीला लागलं नाय. त्याला लागलं ते येगळंच. शेडात बसल्या बसल्या तो बापाबद्दल बोलायला लागला. म्हणायचा, भागू, आमच्या बापाचं मुसकं कधी बैलाच्या नाकाला टेकलं नाय गं. लोकं म्हणत असतील, पुंजारामाचं पोरगं, अन् मुसकं येत नाय.

"म्हणू द्या," ती म्हणायची. "लोकाला काय अक्कल हाय."

"लोकाला नसती. म्हून तर सांगावं लागतं."

तो फोन करून भावाला भांडला नाय. त्यानं स्वतः भावकीत जाऊन सांगितलं असतं तर दोन मिनिटाचं काम व्हतं. पण ते भावानंच सांगावं असं त्याचं म्हणणं. आता याला कोणी येडेपणा म्हणंल. म्हणू द्या.

पावसाळा सरला अन् एक दिवस सकाळी शेड उघडून, खुर्चीवर बसून, चहा पिता पिता कारभारी गेला. चहा निम्मा तसाच. भागूबाई तार वाकवत व्हती, तिला वाटलं झोप लागली. तिनं अजून दोन तारा वाकवल्या. त्या दोन तारांचं तिला अजून वाटतं.

तेराव्याला पाचोडला भावकी जमली. आता सोमनाथची धावपळ बघण्यासारखी व्हती. डोळे लाल, पांढरा कडक शर्ट, हातात बुंदीची बादली. प्रत्येक पानापाशी वाकून म्हणायचा, "घ्या, दादाच्या नावानं घ्या. दादा माझा देव व्हता. त्याच्या हातात कला व्हती, कला." मंजुषानं त्याचा बुंदी वाढतानाचा फोटो काढला अन् स्टेटसला ठेवला. भावकी बी हळहळत खात व्हती. ज्यांनी साखरपुड्यात हसून घेतलं तीच तोंडं, तेच दात, आता त्याच दातानं बुंदी.

भागूबाई आत बायकांत बसलेली. "कला" ऐकलं अन् ती उठली. डोक्यावरचा पदर सारखा करून उंबऱ्यापाशी आली.

"भावजी, बादली ठेवा जरा."

"काय झालं वयनी? काय पायजे?"

"पंगत बसलीय. ते जाळीचं सांगा."

"वयनी, आज कशाला..."

"आजच. यांचं नाव घेऊन वाढायलाय ना तुम्ही. मंग सांगून वाढा."

पंगतीतले हात थांबले. सर्जेराव तात्या म्हणून चुलते व्हते, ऐंशीच्या घरातले, कानानं कमी. ते शेजारच्याला म्हणले, "काय म्हणती ती?" शेजारच्यानं काय सांगावं, त्यालाच कळंना.

सोमनाथ बादलीकडं बघत म्हणला, "तसं काय नाय, त्या टायमाला जाळीचे पाय मी थोडे कमी केले व्हते."

"थोडे?"

"...कापले व्हते."

"किती कापले?"

"चारी."

"मोठ्यानं बोला, तात्यांना ऐकू येत नाय."

सोमनाथनं मोठ्यानं सांगितलं. दादानं चांगली करून दिलती, मी पाय कापून काचेला चिटकवली, म्हून फुटली. शाळेत फळ्यापुढं उभं केलेल्या पोरावानी सांगितलं.

सर्जेरावांना आता ऐकू आलं. त्यांनी तोंडातला घास गिळला, सोमनाथला खालून वरपर्यंत बघितलं अन् म्हणले, "मुसकं नाकाला चिटकवलं व्हय रं? पुंजारामाच्या पोरानं?"

पंगतीत कोणी तरी हसलं. मंग सगळेच हसले. तेराव्याच्या पंगतीत हसू नाय, पण हसले. ही भावकी. हसायला जागा मिळाली की झालं, कोणाच्या नावानं हसतोय ते बघत नाय.

भागूबाई हसली नाय. तिला वाटलं व्हतं की हे ऐकल्यावर काय तरी हलकं व्हईल. पण ज्यानं ऐकायचं त्याचा फोटो भिंतीला, हार घालून. ती म्हणली, "वाढा आता," अन् आत गेली.

तिला दुसऱ्या दिवशी पडेगावला सोडायला सोमनाथच आला, गाडीवर. गाडीला नवा दिवा, उघडा नागडा. शेडापाशी उतरल्यावर तिनं दिव्याकडं बघितलं.

"थांबा."

तिनं कुलूप काढलं. कोपऱ्यात त्या दिवशीच्या वाकवलेल्या तारा पडल्या व्हत्या, शेवटच्या दोन धरून. तिनं त्याच घेतल्या. जोडायला येत नव्हतं तिला, पण वीस वर्षं बघितलं व्हतं. समोरचा मामू येऊन वेल्डिंगचं मशीन चालू करून गेला. दोन ठिकाणी जोड वाकडा आला. सोमनाथ उभा राहून घड्याळ बघत व्हता.

"वयनी, कशाला एवढं? मी बाहेरून घेतो ना चांगली."

"तुमच्यासाठी कोण करतंय," ती म्हणली. "रोज याच रोडनं जाणार तुम्ही. परत फुटला की परत यांचं नाव घ्याल. तुमचं तोंड मला माहीत हाय."

तिनं जाळी बसवली, चारी पाय धरून. मंग जाळीत अन् काचेत दोन बोटं घातली. तिची बोटं बारीक, ती फार सैल गेली. ती तशीच थांबली जरा. मंग तिसरं बोट घातलं. त्याच्या दोन बोटांएवढं झालं.

तिनं नट आवळला.

"जावा आता. अन् पाय कापू नका."