तड्यावरची काच

गेल्या बुधवारी सकाळी अकरा वाजता, जुन्या स्टेशनच्या फलाटावर, चार लोकांदेखत माझ्या बापाला खोटं ठरवलं गेलं.

बाप रेल्वेच्या पुलांवर काम करणाऱ्या गँगमध्ये होता. दगडाला तडा गेला की ही माणसं त्यावर काचेची आडवी पट्टी सिमेंटनं बसवायची आणि ओल्या सिमेंटात तारीख कोरायची. तडा हलला तर काच फुटणार. काच शाबूत, तर तडा मेलेला. निवृत्तीआधी बापानं एक पट्टी या स्टेशनच्या भिंतीलाही लावली. पुढं नवं स्टेशन झालं, हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं कुलपात गेलं. काच होती तशीच राहिली.

बुधवारी तपासणीचे साहेब आले. लांबूनच बघून लिहिलं, तडा वाढतोय, इमारत धोकादायक.

"साहेब, काच तर बघा," बाप म्हणाला.

"काका, आता काचेला विचारून कामं करायची का?"

लोक हसले.

"पूल आमी काचंलाच इचारून चालू ठिवले. तुमी त्यावरूनच आलाव न्हवं?"

साहेब गाडीत बसले.

गुरुवारी आम्ही गेलो तर काच गायब. शुक्रवारी स्टेशन पाडायची नोटीस : "काच फुटलेली आढळली." तड्यानं फुटती तर दोन्ही तुकडे सिमेंटात अडकून राहिले असते. इथं सिमेंटच छिन्नीनं खरवडलेलं, खाली ताजी भुकटी. आणि मागच्या मोकळ्या जागेची मोजणी महिन्यापूर्वीच उरकलेली. कुणासाठी? विचारलं की सगळे मोबाईलमध्ये बघतात.

चूक माझीही आहे. स्टेशन वाचवा म्हणून काढलेल्या पत्रकासाठी मी काळ्या दगडाच्या कमानी, छपराची लाकडी झालर, गोऱ्यांचा रुंद आणि आपला अरुंद दरवाजा, सगळ्यांचे फोटो काढले. काचेचा काढला नाही.

"एवढं छापलंस लेका," बाप म्हणाला, "माझी काच तेवढी ऱ्हायली."

तेव्हापासून तो स्टेशनाकडं फिरकलेला नाही.

लग्नाआधीचे फोटो काढायला त्या कमानीखाली निम्मा तालुका येऊन गेलाय. तुम्हीही गेला असाल. मोबाईल उघडा. तिकीट खिडकीच्या डावीकडं, नवरीच्या खांद्यामागं बघा. काच दिसली तर फोटो कापू नका, सजवू नका. सोमवारी त्या नोटिशीवर सुनावणी आहे. दहाच्या आत तो मोबाईल घेऊन जुन्या फलाटावर या. नुसता अंगठा दाखवू नका, या.