गेनबाचा ठेवणीतला ब्रश

आकुर्डीच्या गेनबाला चांगली वस्तू वापरणं म्हणजे तिचा जीव घेणं वाटे. लग्नातला कोट त्याने लग्नातसुद्धा अर्धाच वेळ घातला. वरात मारुतीच्या देवळापाशी वळली तसा तो काढून, घडी घालून मामाच्या हवाली केला. वहाणा नवीन असेतोवर त्या काखेत आणि गेनबा अनवाणी. एकदा नवी छत्री सदऱ्याच्या आत धरून भर पावसातून तो चिंब होऊन घरी आला आणि रतनबाईला अभिमानाने म्हणाला, की छत्रीला एक थेंब लागू दिला नाही.

रतनबाई बिचारी अशा जपलेल्या वस्तूंच्या गर्दीत संसार करत होती. तिच्या मुंबईच्या भावाने स्टीलचं एक ताट दिलं होतं. त्या काळी आकुर्डीत स्टीलचं ताट म्हणजे बघायला शेजारच्या आळीतून बाया येत. ते फळीवर देवासारखं उभं असे. गेनबा त्यात बघून दाढी करी, तेवढाच त्याचा उपयोग. जेवण जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ताटलीत. ताटात कधी जेवायचं, असं रतनबाईने विचारलं की गेनबाचं उत्तर ठरलेलं, "येईल की येळ."

वेळ काही येत नव्हती. पिंपरीच्या माळावर कारखाने मात्र येऊ लागले होते. आणे जाऊन नवे पैसे निघायला अजून दोनेक वर्षं होती, आणि शेतावरच्या माणसाला शेडमध्ये हंगामी काम सहज मिळे. गेनबाला मिळालं ते फाटकं, जाळ्या, लोखंडी टाक्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये. काम एकच. फोरमन दौलतरावांनी जोड वितळवून सांधला, की त्यावरची काळी खपली तारेच्या ब्रशाने घासून काढायची. गेनबा घासायचा असा, की म्हशीलाही हेवा वाटावा. पण हंगामी तो हंगामीच. आणि कायम झाल्यावर काय काय करू, हे तो गावभर सांगून बसला होता.

अशात एका डेअरीची दुधाची टाकी बनवायचं काम आलं. टाकी स्टीलची. शेडमधली पहिलीच. दौलतरावांनी गेनबाला बोलावून सांगितलं, की डेअरीच्या साहेबांनी टाकी पसंत केली तर तू कायम, नाही केली तर आपण सगळेच घरी. मग त्यांनी कागदात गुंडाळलेला एक नवाकोरा ब्रश त्याच्या हातात ठेवला. त्याच्या तारासुद्धा स्टीलच्या, चांदीसारख्या.

"हा फक्त या टाकीला. दुसऱ्या कशालाही लावायचा नाही. जपून वापर."

जपून म्हटल्यावर गेनबाला पुढचं-मागचं काही आठवलं नाही. जन्मात पहिल्यांदा कुणी मोठ्या माणसाने त्याचं तत्त्वज्ञान त्यालाच सांगितलं होतं. त्याने ब्रश पुन्हा कागदात गुंडाळला, वर आपला रुमाल बांधला आणि भाकरीच्या पिशवीच्या तळाशी ठेवला. ज्या दिवशी साहेब येतील त्या दिवशी काढू. रोजच्या घासायला जुना होताच की, फाटकं घासून घासून तयार झालेला, लोखंडी तारांचा, चांगला कडक.

दौलतराव रोज विचारत, ब्रश कसा आहे. गेनबा सांगे, "येक तार वाकली न्हाई, सायेब." यात खोटं काहीच नव्हतं.

टाकी झाली. आरशासारखी झाली. गळते का बघायला तिच्यात पाणी भरलं, सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेनबा सगळ्यांच्या आधी येऊन बघतो तर जोडाजोडावर तांबूस ठिपके. गव्हावर तांबेरा पडतो तसे. दौलतराव येण्याआधी त्याने तोच जुना ब्रश उचलला आणि घाम गळेपर्यंत घासलं. टाकी पुन्हा लख्ख. त्यापुढच्या सकाळी ठिपके दुप्पट.

मग गेनबाने निदान केलं, दृष्ट. एवढी देखणी वस्तू उघड्यावर ठेवली, तिला लागणारच. रतनबाईने मीठ-मोहऱ्या दिल्या, लिंबू-मिरच्या ओवून दिल्या. साहेब यायला दोन दिवस उरलेले, आणि सकाळी दौलतराव शेडमध्ये शिरले तेव्हा गेनबा टाकीवरून मोहऱ्या ओवाळत होता. डेअरीच्या टाकीच्या नळाला लिंबू लोंबत होतं.

दौलतरावांनी लिंबाकडे बघितलं, ठिपक्यांकडे बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "गेनबा, ब्रश दाखव."

गेनबाने पिशवी उघडली. भाकरी बाजूला केली, रुमालाची गाठ सोडली, कागद उलगडला. ब्रश चकाकत होता.

"हा वापरलाच नाहीस?"

"न्हाई सायेब. सायबाच्या दिवशी काढणार व्हतो."

"मग टाकी कशाने घासलीस?"

गेनबाने जुना ब्रश पुढे केला. दौलतराव उलट्या डब्यावर बसले. त्यांना ओरडायचं होतं, पण नळाला लिंबू लोंबत असताना माणसाला नीट ओरडता येत नाही. त्यांनी समजावून सांगितलं, की फाटकांचं लोखंड या तारांना चिकटलेलं, ते तू टाकीवर चोळलंस. गंजतंय ते स्टील नव्हे, तू लावलेलं लोखंड. जितकं घासलंस तितकं पेरलंस. पेरलंस म्हटल्यावर गेनबाला लख्ख कळलं, आणि तो टाकीला पाठ करून उभा राहिला.

दौलतरावांनी स्वतः रबरी मोजे चढवून जोड लोखंड खाणाऱ्या तेजाबाने धुतले, पाण्याने खळखळवले, आणि नवा ब्रश गेनबाच्या हातात दिला. पहिला हात मारताना गेनबाने डोळे मिटून घेतले. तारा वाकत होत्या आणि दर वाकणाऱ्या तारेबरोबर त्याच्या तोंडून बारीक "आई गं" निघत होतं. पण घासलं त्याने सगळं.

ठरल्या दिवशी साहेब आले. टाकीत शिरून जोडाजोडावर बोट फिरवलं, बोट पांढऱ्या रुमालाला पुसलं. रुमाल पांढराच राहिला.

संध्याकाळी दौलतरावांनी सांगितलं, की पुन्हा असं केलंस तर लिंबासकट बाहेर. तोवर मात्र तू कायम, आणि शेडमधले सगळे ब्रश तुझ्या ताब्यात. लोखंडाच्या ब्रशांना लाल मूठ, स्टीलच्यांना पांढरी, आणि लालने पांढऱ्याच्या खुंटीकडे बघायचंसुद्धा नाही. पुढे त्या खुंट्यांशी जायला खुद्द दौलतरावही खाकरून जात.

त्या रात्री रतनबाईने काही न विचारता फळीवरचं ताट उतरवलं आणि त्यात वाढलं. गेनबा कायम झाला होता. याहून वेगळी वेळ ती कसली येणार? तो जेवला, कालवण काठाला लागू न देता, पण जेवला. रतनबाईने ताट मोरीत नेलं, राख घेतली, काथ्या उचलला. लगेच मागून आवाज आला.

"अगं, त्यो काथ्या तव्याला लावलेला न्हाई ना?"

रतनबाई काथ्या हातात घेऊन मागे वळली. "अवो, तुमी ताट फळीवर ठिवत हुतात तेच बरं हुतं."

दुसऱ्या दिवसापासून मोरीत दोन काथे लटकू लागले. एकाला लाल चिंधी होती.