कोरडी नळी

मी एक नळी विसळली होती. आयुष्यात मूर्खपणे पुष्कळ केले, त्यातले बरेचसे नातवंडांना सांगून टाळ्याही मिळवल्या; पण हा एक मात्र आजवर तोंडातून बाहेर पडला नव्हता. महिन्यापूर्वी माझी मैत्रीण शालन गेली. पार्ल्याला तिच्या शोकसभेत आमच्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ म्हणाले, "एवढी काटेकोर बाई, पण एकदा तिनंही ओली नळी वापरली होती बरं का!" लोक मायेनं हसले. मी मान खाली घालून बसले... ती नळी माझी होती.

अंधेरीला माशांच्या पैदाशीवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत शालन संशोधक होती आणि मी तिची मदतनीस. वय चोवीस, नवं लग्न, आणि डोक्यात एकच हवा: माझ्याइतकं स्वच्छ कुणी नाही! काम होतं रोहूच्या नराचं वीर्य फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकवण्याचं. नर आज तयार आणि मादी परवा, असं झालं की सगळी खटपट फुकट. मधले दिवस ते थंडाव्यात जिवंत राहिलं तर पिल्लं मिळतीलच, हा शालनचा हट्ट. सासूबाईंनी विचारलं, "काय गं ठेवता त्या फ्रिजमध्ये?" मी लाजून म्हटलं, "माशांचं दूध." त्या दोन दिवस विचारात होत्या. मग म्हणाल्या, "नासत नाही का गं?"

नासतं ना! माशाच्या अंगात शुक्राणू निजलेले असतात. पाणी लागलं की जागे होतात, जेमतेम मिनिटभर जीव खाऊन पळतात आणि संपतात. म्हणून पाणी द्यायचं ते अंडी समोर आल्यावरच. तोवर सगळं कोरडं. शालन खांद्यावरच्या पंच्यानं आधी नराचं पोट टिपायची, मग स्वतःचे हात, मग वीर्य साठवायची नळी उजेडाकडे धरून बघायची. "शास्त्रज्ञ कसली, न्हावी दिसतेस," मी म्हणायचे. "तू टिप गं गुमान," ती म्हणायची.

त्या दिवशी कपाटातली नळी मला धुळकट वाटली. नळाखाली धरली, दोनदा झटकली आणि दिली तिच्या हातात. नर हातात वळवळत होता, म्हणून तिनं ती उजेडाकडे धरली नाही. माझ्यावर विश्वास टाकला.

तिसऱ्या दिवशी मादी तयार झाली. साहेब मुद्दाम बघायला आले. हे जमलं तरच काम पुढे चालू राहणार होतं. अंडी थाळीत काढली. शालननं नळीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, वर पाणी सोडलं आणि बघत राहिली... बघतच राहिली. "एकही हलत नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांतल्या ओठांत विचारलं, "विसळलीस?" मी होकारार्थी मान हलवली. अंडी काही थांबत नाहीत. थाळी ओतून द्यावी लागली. "नळीला पाणी लागलंय. कोरडी कोणी केली होती?" साहेब गरजले. मी रिकामी थाळी उचलायला वाकले. "मी," शालन म्हणाली.

हातापाया पडून तिनं आणखी एक मोसम मिळवला, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच फ्रिजनं पिल्लं दिली. पण ओली नळी जन्मभर तिच्याच नावावर राहिली. मी चिडीचूप. तिनंही तो विषय कधी काढला नाही, म्हणून मला फावलं.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. फ्रिजच्या मुठीला पंचा अडकवलेला. "मावशी, आई चहाचा डबासुद्धा पुसल्याशिवाय भरू द्यायची नाही," तिची लेक म्हणाली. मी तो पंचा डोळ्यांपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. साहेब पाय आपटत गेल्यावर त्या दिवशी मी टेबलावर डोकं ठेवून हुंदके देत होते. शालन शेजारी उभी राहून पुढची नळी पुसत होती. मान वर न करता म्हणाली,

"मंदे, रडायचं तर व्हरांड्यात जा. इथं पाण्याचा एक थेंब नको."